हिरवी लाईट लागली म्हणजे बॅटरी चार्ज होतेच असं नाही

बाबांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे. रात्री सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून हवा दाबानं देणारं यंत्र, लावल्याशिवाय झोपायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. तरी गणपतीला गावी जायचंच, हा त्यांचा हट्ट. माझं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. चतुर्थीला घर माणसांनी भरलेलं असतं, आणि तिकडच्या पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून यांनी एक जुनी व्हॅन घेतली, मागे पलंग, पंखा, दिवे करून घेतले. मशीनसाठी इन्व्हर्टर, बॅटरी आणि घरच्या प्लगवरून बॅटरी भरणारा चार्जर बसवायचं काम बेळगावातल्या एकाला दिलं.

"वैनी, लिथियम हाय, १०० अँपिअर-अवरची. घरात प्लगला लावा, हिरवी लाईट लागली की झालं. धा वर्षं बघायला नको," म्हणाला. इंजिनवरून चार्जिंगची वायर जोडणार का विचारलं, तर "कशाला उगीच खर्च?" पक्कं बिल मागितलं तर "टॅक्स भरून काय करताय? आपलीच माणसं की तुम्ही." त्याचं आजोळ आमच्याच भागातलं निघालं आणि मी गप्प बसले. बॅटरीचे ३२,००० आणि चार्जरचे ९,५०० रोख मोजले. हातात आली एक कच्ची पावती, त्यावर एवढंच: 'बॅटरी सेट १'.

तीन आठवडे गाडी दारात प्लगला लावून ठेवली होती. रोज सकाळी मी हिरवी लाईट बघत होते.

चतुर्थीच्या दुसऱ्या रात्री व्हॅन माहेरच्या अंगणात, वायर पडवीतल्या प्लगला. बाबा मशीन लावून शांत झोपलेले. अडीचच्या सुमाराला लाईट गेली. वीसेक मिनिटांत इन्व्हर्टर ओरडायला लागला आणि बंद पडला. बाबा धडपडून उठले, मास्क ओढून काढला, तोंड उघडं टाकून श्वास घेत होते. अंधारात त्यांचा हात सापडेपर्यंत माझ्या जीवात जीव नव्हता. साडेपाचला लाईट आली, तोवर त्यांना उशांना टेकवून बसवून ठेवलं, डोळा लागू दिला नाही.

माझा भाचा उद्यमबागेत मोटर वायंडिंगचं काम करतो. सकाळी त्यानं मल्टीमीटर आणला. प्लग चालू, हिरवी लाईट चालू, आणि बॅटरीच्या टर्मिनलवर १२.०२ व्होल्ट. अर्ध्या तासानं बघितलं, तरी १२.०२. बॅटरीची वायर काढून नुसत्या चार्जरचं आउटपुट मोजलं, तेही १२.०२. मग त्यानं चार्जरच्या पेटीचे चार स्क्रू काढले. बाहेरच्या देखण्या डब्यात आत जाळीचा पत्र्याचा डबा होता, सीसीटीव्हीला आणि एलईडी पट्ट्यांना लावतात तो साधा १२ व्होल्टचा सप्लाय.

"आत्ती, १२ व्होल्टची बॅटरी १२ व्होल्टनं भरत नाही गं," तो म्हणाला. "टाकीत पाणी चढवायचं तर पाईप टाकीच्या वर न्यायला पायजे."

ॲसिडची बॅटरी पूर्ण भरून निवांत असली की मीटर १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवतो. १२ वर आली म्हणजे जेमतेम पाव उरली. तिला भरायला चार्जरनं आधी जोरात करंट देत १४.४ पर्यंत न्यावं लागतं, तिथं धरून ठेवावं लागतं, करंट आपोआप उतरला की मग १३.५ च्या आसपास सोडायचं. लिथियम फॉस्फेटच्या बॅटरीलाही १४.२ ते १४.६ लागतातच. आमच्या पेटीतून हे कधीच होणार नव्हतं. लाईट असेपर्यंत मशीन त्या सप्लायवरच चालत होतं आणि बॅटरी शेजारी अर्धपोटी पडून होती. प्लग लावलेला असताना सगळं नीट चालतं, म्हणून ही लबाडी कळतच नाही.

बॅटरीचं तर त्याहून वाईट. भाच्यानं स्टिकरचा कोपरा नखानं उचलला. खाली प्लास्टिकची पट्टी चिकटवलेली, पट्टीखाली पाणी घालायची सहा बुचं, म्हणजे लिथियम नव्हेच, साधी ॲसिडची बॅटरी. तारखेचा कोड घासून काढलेला. किराणा दुकानाच्या काट्यावर २७ किलो भरली. खरी लिथियम या मापात ११ ते १३ किलोची असते, एका हातानं उचलता येते. आम्ही ती कधी उचललीच नाही, त्यानं आधीच पलंगाखाली नटबोल्टनं आवळली होती. अशी बुचांची बॅटरी नीट चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिला हवा लागते. ही बाबांच्या डोक्याखाली बंद खोक्यात होती.

आणि बाहेरून येणारी २३० व्होल्टची वायर दोन पिनांची. अर्थिंग नाही, करंट गळला की लाईट तोडणारा आरसीसीबी नाही. पत्र्याची गाडी, ओलं अंगण, नातवंडं अनवाणी खेळत होती. पैशापेक्षा मला हेच जास्त लागलं.

तुम्ही असं काम करून घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी तिथंच मीटर लावायला सांगा. थोडी उतरलेली बॅटरी प्लगला लावल्यावर आकडा वर चढत गेला पाहिजे, आणि पुढं १४ च्या वर गेला पाहिजे. बॅटरी बसवण्याआधी वजन करा. नंतर प्लग काढून, ज्यासाठी घेतलीय तेच मशीन एक रात्र घरी चालवून बघा. आम्ही ही एक रात्र घरी काढली असती तर गावात ती वेळ आली नसती. बिलात बॅटरीचा प्रकार, अँपिअर-अवर आणि सीरियल नंबर लिहून घ्या.

त्या माणसानं चार्जरचे पैसे परत दिले. बॅटरीचं विचारलं तर "पावतीवर लिथियम कुठं लिहिलंय?" हे त्याचं उत्तर. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली आहे, आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करतोय, त्याला दोन वर्षांची मुदत असते. बॅटरी विकायची नाही म्हणून यांना सांगितलंय. तो अर्धवट सोललेला स्टिकर तसाच ठेवून ती माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवलीय.