मुक्ततेचा हुकूम की पालकत्व? कॅलिफोर्नियातल्या मुलांचा पैशांचा हिशेब

आईवडिलांपासून वेगळं राहणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलापुढे कॅलिफोर्नियात मुख्यतः दोन वाटा असतात: कोर्टाकडून मुक्तता (म्हणजे अठराच्या आधीच बहुतेक बाबतींत कायद्याने सज्ञान मानलं जाणं), किंवा मावशी-आजीसारख्या कुणाकडे कायदेशीर पालकत्व.

मुक्तता वयाची 14 वर्षं पूर्ण झाल्यावर मागता येते, पण आपला खर्च आपण भागवतो हे दाखवावं लागतं. अर्जासोबत जमाखर्चाचा तक्ता द्यावा लागतो: भाडं, किराणा, बसभाडं, सगळं. हुकूम मिळाला की घरभाड्याचा करार स्वतः करता येतो, पगारही स्वतःचाच. पण आईवडिलांकडून पोटगी मागायचा हक्क त्याच दिवशी जातो. हे फार जण लक्षातच घेत नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त काळजी इथेच वाटते. पुढे मूल कंगाल झालं, तर कोर्ट हुकूम मागेही घेऊ शकतं.

पालकत्वात मोकळीक कमी, पण आईवडिलांची खर्चाची जबाबदारी सुटत नाही.

कॉलेजच्या सरकारी मदतीत मात्र दोन्ही सारखेच. फाफ्साचा, म्हणजे या मदतीसाठीचा, अर्ज भरताना आईवडिलांचं उत्पन्न धरलं जात नाही. कोर्टाच्या हुकमाची प्रत तेवढी जपून ठेवावी, कॉलेज मागू शकतं. वारलेल्या आईच्या किंवा वडिलांच्या नावावर मिळणारी सोशल सिक्युरिटीची (अमेरिकी सरकारच्या पेन्शन योजनेची) रक्कमही केवळ मुक्ततेमुळे बंद होत नाही. लग्न केलं तर मात्र सहसा बंद होते.

महिन्याचं भाडं हमखास निघेल एवढी कमाई नसेल, तर माझं मत पालकत्वाच्या बाजूने.