जुना पीसी अपग्रेड करताय? 1050 टीआयच्या नावाखाली माझ्या गळ्यात काय मारलं ते वाचा

सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्यांनो, नीट वाचा. मला एनव्हिडियाचं जीटीएक्स 1050 टीआय, 4 जीबी मेमरीचं म्हणून विकलेलं कार्ड निघालं त्यांचंच जुनं 550 टीआय, 1 जीबी. 2016 च्या नावाने 2011 चा माल, बायोस फ्लॅश करून, म्हणजे कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर बदलून, फक्त नाव बदललेलं. अपग्रेडसाठी साठवलेल्या दर शंभर रुपयांतले सत्तर त्या एका कार्डात गेले, उरलेल्यात एसएसडी घेणार होतो तीही राहिली.

आणि कोणी मला अक्कल शिकवायला येऊ नका, डोळे झाकून घेतलं नव्हतं. पीसी जुना, पॉवर सप्लाय 300 वॉटचा, म्हणून मुद्दाम 1050 टीआय शोधत होतो, ते 75 वॉटमध्ये भागवतं आणि बऱ्याच मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागतच नाही. या विकणाऱ्याच्या कार्डाला वेगळ्या पॉवर केबलची 6 पिन होती. विचारलं तर म्हणे ओव्हरक्लॉक एडिशन आहे दादा, आणि तशी, वेग वाढवून विकलेली, मॉडेल खरंच असतात, मी तिथल्या तिथे शोधून बघितलं. त्याच्या पीसीवर लावून दाखवलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव बरोबर, मेमरी 4 जीबी, एक हलका गेमही चालू. अजून काय बघायचं माणसाने?

पण तो निळा व्हीजीए पोर्ट! आठवला की अजून डोकं फिरतं. कार्ड हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं, मागच्या पट्टीवर एचडीएमआय, डीव्हीआय आणि शेजारी 15 भोकांचा निळा व्हीजीए, आणि माझा मॉनिटर जुना, व्हीजीएवालाच, त्यामुळे मला उलट बरंच वाटलं की चला, कन्व्हर्टरचा खर्च वाचला. एनव्हिडियाच्या 10 सिरीजची, म्हणजे 1050 टीआयचीही, चिप व्हीजीएचा सिग्नल देतच नाही! हे सगळ्यांना कुठून माहीत असणार? त्या हरामखोराला मात्र पक्कं माहीत होतं, "तुमच्या मॉनिटरला डायरेक्ट लागेल" हे त्यानेच पुढे केलं होतं. 1050 टीआय म्हणून दाखवलेल्या कार्डावर हा पोर्ट दिसला की तिथूनच परत फिरा.

जाताना वर सांगतो, "ड्रायव्हर अपडेट करू नका, मी टाकून दिलेलाच ठेवा." ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, ते बदलू नका असं कोणी म्हणालं तर कार्ड घेऊच नका. घरी आल्यावर नवीन ड्रायव्हर टाकला तर एरर, जरा जड गेम लावला की भिंती-रस्ते चिखल झाल्यासारखे पुसट आणि मग काळी स्क्रीन, कारण मेमरी खरी 1 जीबीच. शेवटी जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं, ते फुकट आहे आणि 2018 पासून असली नकली कार्डं ओळखतं, नावाच्या आधीच फेक लिहून आलं. कार्डाचे खरे कोर, म्हणजे चिपमधले काम करणारे भाग, 192, 1050 टीआयला 768 असतात. हे सॉफ्टवेअर स्वतः डाउनलोड करा, विकणाऱ्याच्या पेनड्राइव्हवरचं चालवू नका.

यानंतरचा मनस्ताप वेगळाच. जाहिरात ज्या अ‍ॅपवर होती ते म्हणतात व्यवहार अ‍ॅपच्या बाहेर झाला, आम्ही जबाबदार नाही. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत, पिन तुम्हीच टाकलात, मग फ्रॉड कसा? पोलिसांकडे गेलो, तिथल्या साहेबांनी कार्ड हातात घेऊन विचारलं, "चालतंय ना? स्क्रीनवर चित्र येतंय ना? मग फसवणूक कसली?" बायोस म्हणजे काय हे समजावून सांगायला लागलो तर म्हणे लेखी द्या, लेखी दिलं तर म्हणे बिल कुठाय. अरे, सेकंडहँड वस्तूचं बिल कोण देतं? जाहिरातीचा स्क्रीनशॉट आहे, चॅट आहे, पैसे गेल्याचा मेसेज आहे, त्याचा नंबर आहे, अजून पुरावा काय कपाळावर चिकटवू? स्वस्तात घ्यायला जाताच कशाला असंही ऐकवलं. म्हणजे ज्याचं बजेट कमी त्याला कोणीही लुटावं का?

चॅटचे स्क्रीनशॉट पैसे देण्याआधीच काढून ठेवा, मी तक्रारीचा मेसेज टाकताच त्याने ब्लॉक केलं. जड गेम वीस मिनिटं तरी समोर चालवायला लावा, 2 जीबीच्या वर मेमरी भरेल असा. आणि त्याची नवीन जाहिरात आलीय, आता 1060 म्हणून विकतोय. मी रिपोर्ट केलीय, तुम्हाला दिसली तर तुम्हीही करा.