बंडाना छापायचा: स्क्रीन की सब्लिमेशन?

ढोल पथक असो की ट्रेकिंगचा ग्रुप, बंडाना छापायचा म्हटलं की आधी डिझाइनवरून वाद होतात. पण आधी कापड ठरवा, छपाईची पद्धत त्यावरूनच ठरते.

कापड सुती असेल तर स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे जाळीच्या चौकटीतून (स्क्रीनमधून) शाई कापडावर दाबायची. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, म्हणजे सुरुवातीचा खर्च तेवढाच, मग दहा नग काढा की पाचशे. एक-दोन रंगांचा लोगो आणि मोठी ऑर्डर असली की हिशोब छान बसतो. गडद कापडावर पांढरा रंगही उठून दिसतो. शाई कोणती, ते मात्र विचारूनच घ्या. प्लास्टिसोल या प्लास्टिकयुक्त शाईचा थर जाड बसतो. टी-शर्टवर तो खपून जातो, पण कपाळावर बांधायच्या रुमालावर कडक लागतो आणि घाम तिथे शोषलाच जात नाही. पाण्यातली शाई मऊ राहते.

सब्लिमेशनमध्ये कागदावरची छपाई साधारण २०० अंश सेल्सिअसला कापडावर दाबतात. रंगाची वाफ पॉलिस्टरच्या धाग्यातच शिरते. हाताला काही लागत नाही, फोटो आणि रंगछटा हव्या तितक्या, थोडे नगही परवडतात. पण सुती कापडावर हा रंग टिकत नाही, गडद कापडावर दिसत नाही आणि उलटी बाजू बहुतेक पांढरीच राहते. घडी घालून गाठ मारली की ती हमखास डोकावते.

मिरवणुकीत तासन्‌तास ढोल वाजवणाऱ्यांना मी सुतीच देईन, रंग कमी झाले तरी चालतील. बाइकवाल्यांना गळ्यात घालायला हवा असेल तर सब्लिमेशन: पॉलिस्टर लवकर वाळतं.