ओबामा आणि मॅक्राँ: एकीचे दोन रस्ते

२७ जुलै २००४, बॉस्टन. डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन. इलिनॉयच्या विधिमंडळातले बराक ओबामा, देशाला तेव्हा फारसे ठाऊक नसलेले, म्हणाले की उदारमतवाद्यांची अमेरिका वेगळी नि पुराणमतवाद्यांची वेगळी, असं काही नाही. एकीची हाक, तीही पक्षाच्याच व्यासपीठावरून! पुढे २०१० मध्ये त्यांचा आरोग्य कायदा मंजूर झाला तो रिपब्लिकनांच्या एकाही मताशिवाय.

फ्रान्सच्या एमान्युएल मॅक्राँ यांनी चूलच वेगळी मांडली. एप्रिल २०१६ मध्ये ‘आँ मार्श’ या डाव्या-उजव्यांच्या मधल्या नव्या पक्षाची स्थापना, मे २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षपद. पंतप्रधान नेमले ते उजव्या पक्षातले एदुआर फिलिप.

मला ओबामांची वाट अधिक प्रामाणिक वाटते. मॅक्राँच्या ‘मधल्या’ जागेने जुने पक्ष खिळखिळे केले. नाराज मतदाराला उरली ती दोन टोकं.