आधी टेक्निक शिकू की आधी फोटो काढत सुटू? दोन्ही करून बघितलेल्याचं मत

कॅमेरा घेऊन झाला की पुढचा प्रश्न हमखास हाच. अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडायचं), शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा) आधी नीट शिकून घ्यावं की ऑटोवर टाकून, म्हणजे हे सगळं कॅमेऱ्यावरच सोडून, सरळ फिरायला लागावं? मी पहिली चार वर्षं नुसता ऑटोवर फिरलो आणि मग बसून शिकलो, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार सांगू शकतो. सोलापुरात राहून जे फोटो काढले त्यावरूनच बोलतोय, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

फिरण्याची बाजू आधी घेतो कारण ती खरंच तगडी आहे. आमच्या घरात भिंतीवर जो फोटो लावलाय तो ऑटोच्या दिवसातलाच आहे. पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात मी चार वेळा गेलो, पहिल्या दोन खेपांना सगळे कॅमेऱ्याकडे बघून ताठ उभे राहायचे, तिसऱ्या वेळी चहा मिळाला, चौथ्या वेळी कुणी मान पण वर केली नाही, आणि तेव्हा एका म्हाताऱ्या कामगाराच्या भुवयांवर बसलेले सुताचे बारीक तंतू खिडकीतल्या उन्हात असे चमकले की मी श्वास धरूनच बटण दाबलं. त्यात टेक्निक काहीच नव्हतं, चार खेपा होत्या. आंरी कार्तिए-ब्रेसाँसारखा नावाजलेला फ्रेंच फोटोग्राफर बहुतेक काम लायका हा छोटा कॅमेरा आणि ५० एमएमच्या एकाच साध्या लेन्सवर करायचा, फ्लॅश त्याला आवडायचा नाही आणि प्रिंट काढायचं कामही तो दुसऱ्यांवर सोपवायचा. सगळं लक्ष समोर काय घडतंय त्याच्यावर. उलट टेक्निकच्या नादात माझेच सहा महिने गेलेत, रोज रात्री लेन्सचे रिव्ह्यू बघायचे आणि रविवारी कॅमेरा कपाटात. त्या सहा महिन्यांतला एकही फोटो माझ्याकडे नाही, याचं अजून वाईट वाटतं.

एवढं असूनही माझं मन दुसरीकडे, म्हणजे आधी शिकण्याकडे, वळलं ते गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत.

आमच्या शेजारचे एक काका यात्रेतला नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली उंच मानाची काठी, पेलतात. त्यांनी आदल्या दिवशी सांगितलं, तुझ्याकडे चांगला कॅमेरा आहे तर माझा एक फोटो काढ, फ्रेम करून लावतो. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला मी तो जिथे होतो त्या संमती कट्ट्याजवळ सकाळपासून जागा धरून उभा. मानाचे सात नंदीध्वज आले, जिकडे बघावं तिकडे पांढरी बाराबंदी (बंदांचा अंगरखा), वरून ऊन, आणि काका नेमके माझ्यासमोरून गेले. पंधरा-वीस फोटो काढले. घरी येऊन बघतो तर बाराबंदी राखाडी आणि चेहरे काळे, एकूण एक फोटोत. काकूंनी प्रिंट हातात घेऊन बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, "नीळ घालून दोनदा धुतली होती रे मी." बाकी काही बोलल्या नाहीत. मोबाईलवर उजळून बघितलं तर फोटो दाणेदार होऊन चेहरे खरखरीत दिसले. आणि ते परत काढायचे म्हणजे वर्षभर थांबायचं.

चूक कॅमेऱ्याचीही नव्हती, हे नंतर शिकलो तेव्हा कळलं. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतो, त्यामुळे फ्रेमभर पांढरं असलं की तो ते करड्यापर्यंत खाली ओढतो, आणि फ्रेमभर काळी घोंगडी असली की उगाच उजळवतो. आताचे कॅमेरे थोडं सावरून घेतात पण पूर्ण नाही. उपाय काय, तर फोटो उजळ-गडद करायचं प्लस-मायनसचं बटण दाबून प्लस एक करायचं, म्हणजे उजेड दुप्पट. बस्स एवढंच. चार वर्षं ते बटण माझ्या अंगठ्याखाली होतं.

मला खटकतं ते हे, की ऑटो आपल्याला न विचारता ठरवतो आणि काय ठरवलं ते आपल्याला वाचता येत नाही. साधी ट्यूबलाइट घ्या, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची म्हणून जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, शटर फार वेगात गेलं की फोटोत काळपट पट्टे येतात, १/५० किंवा १/१०० सेकंदाला ठेवलं की बहुतेक वेळा जातात. हे माहीत नसलं तर माणूस कॅमेरा घेऊन सर्व्हिस सेंटरला जातो.

अमेरिकन निसर्ग-फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सची एक गोष्ट मला फार जवळची वाटते. १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावाजवळ चंद्र उगवलेला, खाली दफनभूमीतल्या क्रॉसवर शेवटचं ऊन, आणि लाइट मीटरच सापडेना. चंद्राची प्रखरता किती असते तो आकडा त्याला पाठ होता, त्यावरून त्याने तिथल्या तिथे एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, काढलं. दुसरा फोटो घ्यायला जातो तर क्रॉसवरचं ऊन गेलेलं. नजर तर त्याची होतीच, पण त्या अर्ध्या मिनिटात हाताशी आला तो आकडा.

म्हणून कुणी मला विचारलं तर मी म्हणेन, ज्याला घरच्यांचे, प्रवासाचे फोटो काढायचेत त्याने खुशाल ऑटोवर फिरावं, काही बिघडत नाही. पण जो क्षण परत येणार नाही असं काही काढायचं असेल तर मीटर, शटर आणि ते प्लस-मायनस एवढं आधी शिका, बाकी लेन्सची गणितं नंतर बघू. क्लासच लावला पाहिजे असंही नाही. गच्चीवर उन्हात एक पांढरा टॉवेल वाळत घाला, जवळ जाऊन फ्रेम भरून त्याचे तीन फोटो काढा, शून्यावर, प्लस एकवर, प्लस दोनवर, आणि मग खाली येऊन सावलीत शेजारी शेजारी ठेवून बघा कुठला टॉवेल धुतलेला वाटतो.