हाताशी एकच दिवस असेल तर : फातिमा की ब्रागा?

पोर्तुगालला निघालेली आपली मंडळी लिस्बन आणि पोर्तो ठरवून टाकतात आणि उरलेल्या एका दिवसापाशी अडतात. देवस्थानच बघायचं तर फातिमा की ब्रागा? सत्तरी ओलांडलेल्या आईला घेऊन मी दोन्हीकडे जाऊन आलो. पुन्हा एकच दिवस मिळाला तर कुठे जाईन, हे आता मला पक्कं माहीत आहे.

आधी फातिमा. १९१७ साली तीन मेंढपाळ मुलांना इथे मेरीमातेचं दर्शन झालं, अशी भाविकांची श्रद्धा. जुनं शहर, गल्लीबोळ शोधायला गेलात तर फारसं काही हाती लागणार नाही. गाव त्या देवस्थानाभोवतीच वाढलंय. पण आवारात जे दिसतं ते डोळ्यांपुढून हलत नाही. दर्शनाच्या जागेवरच्या छोट्या चॅपेलकडे एक गुळगुळीत पट्टा जातो, त्यावरून माणसं गुडघ्यांवर सरकत येतात. एक बाई येत होती, तिचा मुलगा तिचा हात धरून शेजारून चालत होता. दुकानांत मेणाचे हात, पाय, डोकी मांडलेली. आई थबकली, "अगं बाई, हे तर आपल्या मोतमाउलीसारखं!" वांद्र्याची जत्रा तिने लहानपणापासून पाहिलेली, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

माझं मन उडालं ते वाटेतच. रेल्वेच्या नकाशावर फातिमा नावाचं स्टेशन दिसलं म्हणून आम्ही गाडीने गेलो. हे स्टेशन देवस्थानापासून वीसेक किलोमीटरवर आहे. उतरलो तर फलाटावर आम्ही दोघंच. टॅक्सी यायला पाऊण तास लागला. तोवर आई बाकावर बसून, बाटलीतलं पाणी संपलेलं, ऊन चढत चाललेलं. पोचलो तेव्हा जी मिसा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, तिला बघायची होती ती संपत आली होती. ती काही बोलली नाही, पण मला ते अजून लागतं. लिस्बनहून बस दीडेक तासात थेट गावात सोडते. जाणाऱ्याने तीच धरावी.

ब्रागाला असलं काही होत नाही. पोर्तोच्या सांव बेंतू स्टेशनातून लोकल पकडायची, साधारण तासाभराने उतरायचं आणि रमतगमत चालत जुन्या गावात शिरायचं. तिथलं 'से', म्हणजे कॅथेड्रल, १०८९ सालचं. पोर्तुगालचं राज्य त्यानंतरचं. पहिला राजा अफोन्सो हेन्रिक्स याच्या आईवडिलांच्या कबरी इथेच आहेत. फार जुन्या गोष्टीला 'ब्रागाच्या से-पेक्षा जुनी' म्हणायची तिकडे पद्धतच आहे. गोव्याशी धागाही आहे : गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस पुढे १६१२ मध्ये ब्रागाचे आर्चबिशप झाले. जुन्या गोव्याचं से आणि बॉम जेझुस ही चर्चं पाहिलेल्या माणसाला ही नावं इथे पुन्हा भेटतात, तेव्हा आत काहीतरी हलतं.

इथला बॉम जेझुस मात्र डोंगरावर, शहरापासून पाचेक किलोमीटर. बस पायथ्याशी नेते. वर साडेपाचशेहून जास्त पायऱ्या. आईला त्या झेपणार नव्हत्या, पण तिथे १८८२ पासून पाण्याच्या वजनावर चालणारी फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर दोराने ओढली जाणारी रुळांवरची गाडी आहे. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरतात, तो जड होऊन खाली येतो आणि दोराने दुसऱ्या डब्याला वर ओढतो. इंजिन नाही. लाकडी बाकावर बसून आई वर पोचली, दम न लागता.

श्रद्धेने निघालेल्याला मी फातिमा सोडायला सांगणार नाही. तिथली गुडघ्यांवरची माणसं ब्रागाला दिसत नाहीत. पण म्हातारं माणूस बरोबर असेल, आणि देवासोबत जुनं गावही बघायचं असेल, तर माझा कल ब्रागाकडे.

गुडघे धड असतील तर मात्र बॉम जेझुस पायऱ्यांनीच चढा, कारण सगळी रचना चढणाऱ्यासाठी आहे. आधी क्रूसाच्या वाटेची, म्हणजे क्रूसाकडे जाणाऱ्या येशूचे प्रसंग दाखवणारी चॅपेलं, मग पंचेंद्रियांची कारंजी, त्यातल्या एका मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी वाहतं तर एकीच्या कानांतून. आणि त्यांच्याही वर श्रद्धा, आशा आणि दया या तीन सद्गुणांची कारंजी.