म्युझिक थेरपीच्या नावाने हेडफोनचं पॅकेज: पुण्यातल्या पालकांसाठी

ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांना गाठण्याची एक ठरलेली रीत आहे. कोथरूडमधल्या एका कुटुंबाचे 60,000 रुपये अलीकडेच असे गेले, म्हणून सविस्तर लिहितो आहोत.

मूल चार वर्षांचं, अजून बोलत नाही. एका थेरपी सेंटरने ‘मोफत श्रवण चाचणी’ला बोलावलं, लॅपटॉपला साधा हेडफोन लावला आणि थोड्या वेळात रंगीत आलेख हातात ठेवला. ‘या फ्रिक्वेन्सींना कान अतिसंवेदनशील आहेत, म्हणून बोलत नाही.’ उपाय: म्युझिक थेरपीची 20 सेशन्स, 10 दिवस, रोज दोनदा अर्धा-अर्धा तास. पैसे आगाऊ, पालकांना मात्र ‘हप्त्यांची’ सोय.

लबाडी आलेखापासूनच सुरू होते. आवाज आला की बटण दाबायचं, हे अशा मुलाला सहसा जमत नाही. त्याला आधी खेळातून सवय लावतात, आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा. तेही जमलं नाही तर ओएई आणि बेरा या चाचण्या असतात. त्यात आवाजाला कानाचा आणि मेंदूचा मिळणारा प्रतिसाद यंत्रच टिपतं, मुलाने उत्तर द्यावं लागत नाही. हे सगळं ऑडिओलॉजिस्टने (श्रवणतज्ज्ञाने), शांत बंदिस्त खोलीत, कॅलिब्रेट केलेल्या, म्हणजे अचूकता तपासून जुळवलेल्या यंत्रावर करायचं असतं. साध्या हेडफोनवर काढलेल्या डेसिबलच्या आकड्याला काही अर्थ नाही.

दुसरं म्हणजे, जे विकलं ती म्युझिक थेरपी नव्हतीच. 10 दिवसांत 20 सेशन्स हे वेळापत्रक ऑडिटरी इंटिग्रेशन ट्रेनिंगचं, गी बेरार या फ्रेंच डॉक्टरांच्या पद्धतीचं. गाण्यातल्या काही फ्रिक्वेन्सी गाळून ते हेडफोनवर ऐकवतात. ऑटिझमसाठी तिच्या उपयोगाचा ठोस पुरावा 2011च्या कॉक्रेन आढाव्याला (उपलब्ध संशोधन एकत्र तपासणारा स्वतंत्र आढावा) मिळाला नाही. मूल हेडफोन ओढून काढत होतं, तेव्हा त्याचे हात धरून ठेवले गेले. पालक बाहेर बसवलेले, त्यामुळे हे त्यांना उशिरा कळलं.

म्युझिक थेरपीत थेरपिस्ट मुलासोबत प्रत्यक्ष वाजवतो. मुलाने ढोलकीवर एक थाप मारली की तो तशीच मारून थांबतो आणि वाट बघतो. मूल वर बघतं का, पुन्हा थाप देतं का, आपली पाळी येईपर्यंत थांबतं का, याची नोंद ठेवतो. उद्दिष्ट आधी लिहून देतो आणि पालकांना आत बसू देतो, निदान व्हिडिओ तरी दाखवतो. तरीही ‘बोलायला लागेल’ ही हमी कुणी देऊ शकत नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, 9 देशांतल्या 364 मुलांवरच्या म्युझिक थेरपीच्या चाचणीत 5 महिन्यांनंतर सामाजिक लक्षणांत लक्षणीय फरक दिसला नाही. 2022च्या कॉक्रेन आढाव्यात एकूण सुधारणा आणि जीवनमान यांबाबत चांगले संकेत आहेत, बोलण्याबाबत मात्र स्पष्ट पुरावा नाही.

सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. ‘परिणाम मिसळतील’ असं सांगून चालू असलेली स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी बंद करायला लावली. असं कुणी सांगितलं तर तिथेच उठा.

पैशांत मेख अशी की ‘हप्ते’ म्हणजे फायनान्स कंपनीचं पालकांच्या नावावरचं कर्ज होतं. सेंटरला रक्कम एकदम मिळाली. पालकांनी सेशन्स थांबवली, हप्ता चालूच राहिला. ओटीपी देण्याआधी कर्जाचं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे व्याज, शुल्क आणि अटींचा गोषवारा, मागून वाचा. डिजिटल कर्जाला कूलिंग-ऑफ मुदत (दंडाशिवाय कर्ज परत करून बाहेर पडण्याची मुभा) असते, पण ती अगदी एक दिवसाचीही असू शकते.

‘आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्टर्ड म्युझिक थेरपिस्ट’ अशी पाटी दिसली तर सीआरआर नंबर, म्हणजे परिषदेचा नोंदणी क्रमांक, मागा आणि आरसीआयच्या संकेतस्थळावर तपासा. नोंदणी स्पेशल एज्युकेटर किंवा स्पीच थेरपिस्टची असू शकते. म्युझिक थेरपिस्ट असा वेगळा प्रवर्ग तिथे नाही.

पैसे आधीच भरले असतील तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, तो आलेख, पावती, कर्जाचा करार आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची आश्वासनं आजच जपून ठेवा. तक्रारीची कुणकूण लागताच जाहिरात काढून टाकतात.